झाशीच्या राणीचं चित्र कुणी काढलं? पाठीवरच्या मुलापासून सुरुवात करू

भाचीच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता. सात वर्षांची आहे ती, आणि आमच्याकडे मुलगी असली की झाशीची राणी ठरलेलीच असते. शिवलेली नऊवारी भाड्याने मिळाली, पुठ्ठ्याला चांदीचा कागद लावून तलवार केली आणि पाठीला बाहुली बांधायला ताईची ओढणी घेतली. मी गाठ मारत होते तेव्हा भाचीने विचारलं, मावशी, लढाई चालू असताना हे बाळ रडत नसेल का गं?

प्रश्न अगदी बरोबर होता. कारण ते बाळ नव्हतंच. दामोदरराव म्हणजे राणीचा दत्तक मुलगा, त्याचा जन्म १८४९ चा धरतात, म्हणजे १८५८ च्या लढाईत तो आठ-नऊ वर्षांचा होता. माझ्या भाचीपेक्षा मोठा! आता आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पाठीवर बांधून, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार आणि घोडा मागच्या दोन पायांवर, हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा. तरी पुण्यात बालगंधर्वजवळचा पुतळा म्हणा, नागपूरचा झाशी राणी चौक म्हणा, नाव घेतलं की डोळ्यासमोर हेच येतं. तिचा इतिहासकारांनी मान्य केलेला एकही फोटो नाही, तरी आपण सगळे तिला "ओळखतो". मग हे चित्र आलं कुठून, कुणी कुणी त्यात काय भरलं आणि काय काढून टाकलं, ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते.

आधी मुलाचंच बघू. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री, इंग्रज सेनापती सर ह्यू रोजचं सैन्य झाशी शहरात घुसल्यावर राणी किल्ल्यातून निसटली आणि काल्पीला गेली. ह्या रात्री तिने मुलाला पाठीशी बांधून घेतलं होतं, ही गोष्ट जुन्या मराठी हकिकतीतही आहे. म्हणजे ती पळून जायची रात्र होती, लढायची नव्हे. तलवार उपसून समोरासमोर भिडली ती लढाई नंतर जूनमध्ये, ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे, आणि तिथे मुलगा तिच्या पाठीवर नव्हता, विश्वासू माणसांच्या ताब्यात होता. पुतळ्यात काय झालंय तर एप्रिलची रात्र आणि जूनचा दिवस एकत्र केलेत. आई एका बाजूने, योद्धा दुसऱ्या बाजूने, दोन्ही एकाच घोड्यावर. शिल्पकाराला एकच क्षण दाखवता येतो, त्याला अख्खं आयुष्य त्यात कोंबायचं असतं, म्हणून असं होतं. आणि मूल मोठं दाखवलं तर घोड्यावर दोन माणसं बसल्यासारखी दिसतील, म्हणून ते लहान झालं. त्याला खोटेपणा नाही म्हणणार मी, पण चित्र कसं घडतं ते ह्यातून लगेच कळतं.

(तो व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पण सांगून टाकते, की घोड्याचे दोन्ही पाय वर असतील तर स्वार रणात मेला, एक पाय वर असेल तर जखमी झाला वगैरे. शिल्पकार असा काही नियम पाळत नाहीत.)

आता जरा मागे जाऊ, कारण राणीचं आयुष्य थोडक्यात माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. मणिकर्णिका तांबे, जन्म काशीचा, वडील मोरोपंत तांबे. लहानपण बिठूरला, जिथे राज्य गेलेले दुसरे बाजीराव पेशवे पेन्शनवर राहत होते. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न. नेवाळकर मूळचे आपल्या कोकणातले, रत्नागिरीकडचे. १८५१ मध्ये मुलगा झाला, काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी नात्यातला मुलगा दत्तक घेतला, तोच दामोदरराव. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने दत्तक वारस नामंजूर केला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. जून १८५७ मध्ये झाशीत शिपायांचा उठाव, मग राणीच्या हातात कारभार, मार्च-एप्रिल १८५८ मध्ये वेढा, मग काल्पी, मग ग्वाल्हेर, आणि १७ की १८ जूनला (दोन्ही तारखा सांगतात) मृत्यू.

ह्यातली लढाईची बाजू सगळ्यांना पाठ आहे. पण १८५३ च्या नोव्हेंबरपासून १८५७ च्या जूनपर्यंतची साडेतीन वर्षं आहेत ना, ती जवळजवळ प्रत्येक सिनेमात, पोवाड्यात, नाटकुल्यात पाच मिनिटांत उरकतात. आणि मला तर वाटतं तीच खरी बघण्यासारखी आहेत. ह्या वर्षांत राणी कागदावर लढत होती. तिने गव्हर्नर जनरलला खलिते पाठवले, आणि त्यात गयावया नाही, मुद्दे आहेत. १८१७ च्या तहात ईस्ट इंडिया कंपनीने झाशीच्या घराण्याला काय कबूल केलंय ते दाखवलं. शेजारच्या दतिया आणि ओरछा संस्थानांत दत्तक मान्य केलात, मग आम्हालाच नियम वेगळा का, असं विचारलं. उदाहरण द्या, करार दाखवा, भेदभाव सिद्ध करा, म्हणजे आजच्या कुठल्याही चांगल्या वकिलाने केली असती तीच मांडणी. तिला वर्षाला ६०,००० रुपये पेन्शन आणि किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहायला जा, असा निकाल मिळाला.

१८५४ मध्ये तिने एका वकिलाला सल्ल्यासाठी बोलावलं. जॉन लँग नाव त्याचं, ऑस्ट्रेलियात जन्मलेला, कंपनी सरकारविरुद्ध खटले लढवून गाजलेला. ह्या भेटीबद्दल त्याने पुढे लिहून ठेवलं आणि १८५९ मध्ये ते पुस्तकात छापलं गेलं. आपण जे वाक्य लहानपणापासून ऐकतोय, "मेरी झाँसी नहीं दूँगी", ते मुळात ह्या भेटीतलं आहे!

थांबा, ह्याचा अर्थ नीट बघा. सिनेमात हे वाक्य कुठे असतं? भरदरबारात, समोर गोरा साहेब खलिता वाचतोय, राणी सिंहासनावरून उठते, मागे ढोल-नगारे, आणि ती गरजते. लँगच्या हकिकतीत ती पडद्याआड बसलीय, रात्रीची वेळ आहे, समोर शत्रू नाही तर तिच्याच बाजूने बोलायला आलेला वकील आहे, आणि बोलणं चाललंय ते अर्ज कसा करायचा आणि पेन्शन घ्यायची की नाही ह्याबद्दल. लँगने सल्ला दिला की निषेध नोंदवून पेन्शन घ्या आणि वर अपील करा. म्हणजे ते वाक्य मुळात आपल्या वकिलाला ठामपणे सांगितलेली अट होती. मला स्वतःला दरबारातल्या गर्जनेपेक्षा ही पडद्याआडची बाई जास्त भारी वाटते, जिने आधी कायद्याचा सगळा रस्ता चालून बघितला.

आणि अजून एक बारीक गोष्ट. लँगने ते वाक्य लिहिताना "मेरा झाशी नहीं देंगी" अशा धर्तीवर लिहिलंय. मेरी नाही, मेरा. आता ती चूक लँगच्या कानाची असेल किंवा त्याच्या लेखणीची, पण घरात मराठी बोलणाऱ्या बाईच्या हिंदीत मेरा-मेरी इकडचं तिकडे होणं आपल्या घरोघरी ऐकू येतं, त्यामुळे ते वाचताना मला एकदम आपली कुणीतरी आत्या बोलतेय असं वाटलं. हा माझा नुसता अंदाज आहे, पण पुढे कवींनी आणि पटकथाकारांनी ते वाक्य व्याकरणात बसवलं, घासूनपुसून घोषणा केली, एवढं मात्र खरं.

लँगने तिचं वर्णनही केलंय, आणि ते कसं शक्य झालं तर त्या मुलामुळे. बोलता बोलता छोट्या दामोदररावाने पडदा बाजूला ओढला, आणि लँगला क्षणभर राणी दिसली. मध्यम उंची, जराशी भरलेली अंगकाठी, गोलसर चेहरा, डोळे फार सुंदर, अंगावर साधं पांढरं वस्त्र, कानातल्याशिवाय दागिने नाहीत. आवाज मात्र त्याला आवडला नाही, घोगरा वाटला. हे सगळं आपल्या डोक्यातल्या राणीशी जुळतं का? पडद्यावरची प्रत्येक राणी शिडशिडीत असते, तिचा आवाज खणखणीत असतो आणि अंगावर इतके दागिने की विधवा झालीय हे आठवतच नाही.

वयाची गंमत ह्यातच सुटते थोडीफार. काही ठिकाणी राणीचा जन्म १८३५ चा दिलाय, काही ठिकाणी १८२८ चा. १८३५ धरला तर मरताना ती बावीस-तेवीसची, आणि हिंदीतल्या प्रसिद्ध कवितेत तेवीसच आहे. कोवळी पोर इंग्रजांना भिडली हे ऐकायला जास्त चटका लावतं, म्हणून तो आकडा टिकला असणार. पण लँगला १८५४ मध्ये सांगण्यात आलं होतं की राणी सव्वीस-सत्तावीसची आहे, म्हणजे १८२८ जास्त जवळ येतं. मग लग्नात ती चौदाची होते, सात वर्षांची नाही, आणि लढताना जवळपास तिशीची, चार वर्षं राज्यासाठी झगडलेली, मूल आणि नवरा गमावलेली समजूतदार बाई. बघा, फक्त जन्मसाल बदललं तर अख्खी व्यक्तिरेखा बदलते.

इंग्रजांनी तिचं चित्र कसं काढलं ते बघितलं तर अजून मजेशीर, खरं तर मजेशीर नाही, चीड येते. ८ जून १८५७ ला झाशीच्या जोखन बागेत इंग्रज पुरुष, बायका, मुलं मारली गेली. हा भाग आपल्याकडे सांगताना बहुतेक वगळतात, वगळू नये, भयानक प्रकार होता तो. राणीचा त्यात हात होता का ह्यावर इतिहासकारांत वाद झालेत. तिने स्वतः सागरच्या कमिशनरला पत्रं लिहून कळवलं होतं की शिपायांनी हे केलं, माझ्याकडूनही त्यांनी पैसे उकळले. कमिशनरने तर आधी तिलाच कंपनीच्या वतीने कारभार बघायला सांगितलं होतं. पण वरच्यांनी दोषी तिलाच धरलं, आणि त्यानंतर इंग्रजी लिखाणात ती एकदम बायबलमधल्या जेझेबेल राणीसारखी झाली, म्हणजे दुष्ट, कपटी, रक्तपिपासू. व्हिक्टोरियन काळातल्या कादंबऱ्यांत तर पुरुषांना नादी लावणारी बाई म्हणून आली.

आणि तिच्याविरुद्ध प्रत्यक्ष लढलेला ह्यू रोज काय म्हणाला? बंडवाल्यांच्या पुढाऱ्यांमध्ये सगळ्यात शूर आणि सगळ्यात उत्तम तीच होती. म्हणजे रणांगणावरच्या माणसाला ती सेनापती दिसली आणि लंडनमध्ये बसून कादंबरी लिहिणाऱ्याला मोहिनी दिसली. १९०१ मध्ये तिच्यावर एक इंग्रजी कादंबरी आली तिच्या नावातच तिला हिंदुस्थानची जोन ऑफ आर्क (इंग्रजांशी लढलेली फ्रान्सची संत) म्हटलंय, म्हणजे चाळीसेक वर्षांत जेझेबेलची संत झाली. पण इंग्रज अधिकाऱ्याशी तिचं प्रेम जुळवायची खोड काही गेली नाही. २००८ मध्ये अशाच एका इंग्रजी कादंबरीवर उत्तर प्रदेश सरकारने बंदी घातली, त्यात झाशीचा पोलिटिकल एजंट (म्हणजे कंपनीचा तिथला अधिकारी) एलिस आणि राणी ह्यांच्यात ओढ दाखवली होती. खऱ्या एलिसने दत्तकाच्या बाजूने वर शिफारस केली होती, बस, तेवढ्या एका चांगल्या वागणुकीचं लोकांनी प्रेमप्रकरण केलं. बंदी घालणं मला पटत नाही. पण बाईच्या बाजूने एखादा पुरुष उभा राहिला की त्यामागे दुसरं काही कारण असूच शकत नाही, हा विचारही पटत नाही.

आता आपल्या भाषेतलं. आणि इथे मला भरभरून सांगायचंय, कारण राणीला डोळ्यांनी बघितलेला, झाशीच्या वेढ्यात सापडलेला, जिवंत परत आलेला आणि ते सगळं मराठीत लिहून ठेवलेला माणूस आपल्याकडे आहे. विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरी कर्ज होतं, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी आली, दक्षिणा मिळेल म्हणून ते चुलत्याबरोबर १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात जाऊन पडले. पंचवीसेक वर्षांनी, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी "माझा प्रवास" लिहिलं, आणि ते छापलं गेलं १९०७ मध्ये, भटजी वारल्यावर. वैद्यांनी छापताना भाषा बदलली, काटछाट केली. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलं. म्हणजे ह्या एका साक्षीदाराच्या बाबतीतही आपण साठ वर्षं दुसऱ्याने रंग दिलेलं चित्र बघत होतो.

भटजींची राणी पहाटे उठून व्यायाम करते, घोडा फेकते, मग सुगंधी पाण्याने ऐसपैस आंघोळ करते, तिला आंघोळीची फार आवड. पांढरी चंदेरी नेसते. कधी बायकी पोशाख, कधी पायजमा-अंगरखा, डोक्याला टोपी नि कमरेला दुपट्टा, त्यात तलवार. नवरा गेल्यावर नाकात नथ नाही, पण हातात सोन्याच्या बांगड्या, गळ्यात मोत्यांचा हार आणि बोटात हिऱ्याची अंगठी. महालक्ष्मीच्या देवळात लवाजम्यासकट जाते. कारभार ऐकते, हुकूम स्वतः सांगते. एका भिक्षुकाच्या नजरेने टिपलेले हे तपशील आहेत, त्याला दक्षिणा किती मिळाली, जेवण काय होतं हेही तो तितक्याच मन लावून सांगतो, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. सगळंच खरं असेल असं नाही, पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलंय आणि ऐकीव गोष्टीही त्यात मिसळल्यात, पण ती बाई जिवंत वाटते.

आणि मग तो विहिरीचा प्रसंग. झाशी पडलीय, लुटालूट आणि कत्तल झालीय, भटजी जीव वाचवून काल्पीच्या वाटेवर आहेत. एका विहिरीपाशी घोडेस्वार येतात, त्यात धुळीने माखलेली, पठाणी वेशातली राणी. तहानलेली. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. ओंजळीने पाणी पिते. आणि बोलताना स्वतःला म्हणते काय, तर "अर्धा शेर तांदळाची धनीण". म्हणजे मला विधवेला पोटाला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, हा सगळा खटाटोप करायची मला गरज नव्हती, पण धर्माचा अभिमान धरून ह्यात पडले. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ. इतके पुतळे, इतके सिनेमे, पण विहिरीवर ओंजळीने पाणी पिणारी राणी मी कुठल्याही चौकात पाहिली नाही.

मराठीत चरित्रही लवकर आलं, दत्तात्रय बळवंत पारसनिसांचं, १८९४ मध्ये. इंग्रजांचं राज्य चालू असताना राणीच्या बाजूने लिहायचं म्हणजे जपूनच लिहावं लागणार, त्यामुळे त्यांचा जोर राणीवर अन्याय झाला, जोखन बागेचा दोष तिचा नव्हता, हे दाखवण्यावर आहे. पंधरा वर्षांत सूर किती बदलला बघा, १९०९ मध्ये सावरकरांचं सत्तावन्नवरचं पुस्तक आलं, त्यावर बंदी आली, आणि त्यात राणी अन्याय झालेली विधवा उरली नाही, ती स्वातंत्र्ययुद्धाची सेनानी झाली. बाई तीच, कागदपत्रं जवळपास तीच, पण विचारणाऱ्याचा प्रश्न बदलला.

भा. रा. तांब्यांची समाधीवरची कविता तर किती जणांना तोंडपाठ आहे अजून. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, म्हणजे ज्या गावात ती पडली त्याच गावात राहणारे. म्हणून ती कविता तुम्हाला लढाईत नेत नाही, समाधीपाशी थांबवते आणि दोन अश्रू ढाळ म्हणते. सुभद्राकुमारी चौहानांची हिंदी कविता, १९३० च्या संग्रहातली, बरोबर उलटी, तिला थांबणं माहीतच नाही, घोड्याच्या टापांसारखी पळते. त्या कवितेतच सांगितलंय की ही कहाणी बुंदेलखंडच्या हरबोलांच्या तोंडून ऐकलीय, म्हणजे गावोगाव गाणी म्हणत फिरणाऱ्या गायकांकडून. इंग्रजांच्या भीतीने जे छापता येत नव्हतं ते ह्या लोकांनी सत्तर वर्षं गाण्यात सांभाळलं. आणि त्या कवितेतल्या मुलीला शिवाजी महाराजांच्या गोष्टी तोंडपाठ आहेत, ती नानासाहेबांबरोबर शिकते, तिची मराठी मुळं कवयित्रीने छान जपलीत.

फक्त एक शब्द. मर्दानी. तो मला टोचतो, खरं सांगते. १९३० मध्ये सत्याग्रहात उतरणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या कवयित्रीने तो कौतुकाने वापरला, त्या काळी दुसरा शब्दही नव्हता, हे सगळं कळतं. पण शूर असणं म्हणजे पुरुषासारखं असणं हे त्यात आलंच. आणि आपल्या मराठीत त्याची दुसरी बाजू आहे, मुलगी उलटून बोलली, हट्टाला पेटली की "आली मोठी झाशीची राणी!" मी हे लहानपणी किती वेळा ऐकलंय. ज्या बाईचा फोटो नाही तिला आपण भिंतीवर लावतो आणि तिच्याच नावाने घरातल्या पोरीला गप्प बसवतो.

ह्या चित्राचा सगळ्यात जबरदस्त उपयोग कुणी केला असेल तर सुभाषबाबूंनी. १९४३ मध्ये सिंगापूरला आझाद हिंद सेनेत झाशीची राणी रेजिमेंट उभी राहिली, कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन (पुढे सहगल) तिच्या प्रमुख. त्यातल्या कितीतरी मुली मलायातल्या रबराच्या मळ्यात राबणाऱ्या तमिळ घरांतल्या, हिंदुस्थान कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या. त्यांना झाशी कुठे आहे, नेवाळकर कोण, दत्तक प्रकरण काय, ह्याच्याशी काय करायचं होतं? नाव पुरेसं होतं. खांद्याला बंदूक लावताना ते नाव त्यांना आपलं वाटलं.

स्वातंत्र्यानंतर मग चित्र सरकारी झालं. १९५७ मध्ये उठावाच्या शताब्दीला टपाल तिकिटावर राणी आली. त्याआधी १९५३ मध्ये सोहराब मोदींनी टेक्निकलरमध्ये भव्य सिनेमा काढला, मेहताब राणी, कॅमेऱ्याला हॉलिवूडमधून अर्नेस्ट हॅलर आणलेला, पण तो चालला नाही. कादंबऱ्यांत १९४६ ची वृंदावनलाल वर्मांची हिंदी कादंबरी महत्त्वाची, ते स्वतः झाशीकडचे. आणि १९५६ मध्ये महाश्वेता देवींनी पहिलंच पुस्तक लिहिलं ते राणीवर, बंगालहून झाशी-ग्वाल्हेरकडे जाऊन, लोकांच्या गाण्या-गोष्टी गोळा करून. मराठी रंगभूमीवर शिरवाडकरांचं "वीज म्हणाली धरतीला" आलं १९७० मध्ये. पुढे हिंदी सिरीयल, मग २०१९ मध्ये एकाच वर्षी हिंदीत मणिकर्णिका आणि स्वाती भिसे ह्यांचा इंग्रजी सिनेमा. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, तलवारबाजी चांगली आहे, खलिते नाहीत.

पण एका माणसाबद्दल सांगायलाच हवं, झलकारीबाई. कोरी समाजातली, राणीच्या सैन्यातली, दिसायला राणीसारखी, आणि राणी निसटली तेव्हा तिच्या वेशात इंग्रजांसमोर गेली अशी झाशीकडची आठवण. वर्मांच्या कादंबरीने ती गोष्ट सगळीकडे पोचवली, मग दलित चळवळीने ती आपली म्हणून पुढे आणली, उत्तर प्रदेशात पुतळे उभे राहिले, २००१ मध्ये टपाल तिकीट आलं. इंग्रजांच्या कागदात ह्याचा पुरावा किती, असं विचारतात काही जण. मला वाटतं तो प्रश्न विचारावा, पण मग पाठीवरच्या बाळालाही विचारावा, किल्ल्यावरून घोड्यासकट मारलेल्या उडीलाही विचारावा, जिची जागा झाशीला आजही बोट दाखवून सांगतात. राणीची आठवण झाशीच्या सगळ्या जातींच्या घरांत होती, आणि प्रत्येकाने त्यात आपलं माणूस शोधलं. तोफखान्याचा गुलाम गौस खान आणि त्याची किल्ल्यावर अजून असलेली कडक बिजली तोफ, राणीच्या बाजूने लढलेल्या मोतीबाई, मुंदर, ही सगळी नावं अशीच टिकली.

आणि आता ते मूल. सिनेमा संपतो तेव्हा राणी पडते, ज्योत दाखवतात, पडदा पडतो, आणि मुलगा फ्रेमच्या बाहेर जातो. खरा दामोदरराव ग्वाल्हेरनंतर मूठभर निष्ठावंत माणसांबरोबर जंगलांतून लपत फिरला, दोनेक वर्षं. मग इंग्रजांच्या हवाली झाला आणि इंदूरला राहिला. राज्य नाही, तुटपुंजी पेन्शन. त्याच इंदुरात १९०६ मध्ये तो वारला, म्हणजे पारसनिसांचं चरित्र छापून झालं होतं, आणि भटजींचं पुस्तक यायला एक वर्ष बाकी होतं. ज्याने लहानपणी पडदा ओढला म्हणून एका परक्या माणसाला राणीचा चेहरा दिसला, तो स्वतः ही सगळी चित्रं तयार होत असताना जिवंत होता.

भाचीला मी एवढं सगळं नाही सांगितलं. एवढंच सांगितलं की ते बाळ नव्हतं, तुझ्यापेक्षा थोडा मोठा दादा होता. तिने बाहुली सोडून ठेवली आणि म्हणाली, मग तो स्वतः घट्ट धरून बसला असेल ना.